पास्कलच्या गाडीवरचं मेण

पास्कल, तुझ्या गाडीच्या काळ्या प्लास्टिकवरचं मेण निघालं. पुरतं नाही निघालं. पण तुझी लिझा त्याच गाडीतून लग्नाला चर्चमध्ये गेली आणि एकाचंही लक्ष खाली चाकांकडे गेलं नाही, इतपत नक्की निघालं. ही बातमी तुला आधी द्यायला हवी म्हणून आधी देऊन टाकली. बाकीचं आता सावकाश बोलू. तुला तरी आता कुठे जायचंय, आणि मला रिटायर होऊन सात वर्षं झाली.

तू गेलास त्याला पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. मी दोनदा कागद घेऊन बसलो आणि दोन्ही वेळा चौथ्या ओळीत तुझ्याशी भांडायला लागलो. सुनंदा म्हणाली, "मग भांडा ना. तेवढंच तर येत होतं तुम्हा दोघांना." सुनंदा माझी बायको, हे तुला सांगायची गरज नाही, पण कागद चुकून दुसऱ्या कोणाच्या हाती पडला तर त्याला कळायला हवं. लॅबची सवय आहे, बाटलीवर चिठ्ठी लावल्याशिवाय राहवत नाही.

आपली ओळखसुद्धा भांडणानेच झाली. मी डोंबिवलीचा. सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये काढली, मग मुलाने ठाण्याजवळ बाळकुमला फ्लॅट घेतला आणि आम्हा दोघांना सामानासकट इथे आणून ठेवलं. पहिल्याच महिन्यात एका रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये आलो, तर कोपऱ्यात हाफ पँट-बनियनमधला एक गृहस्थ तीन विटांच्या चुलीवर तुपाचा जुना डबा ठेवून मेणबत्त्यांची टोकं वितळवत होता. शेजारी टर्पेंटाइनची बाटली, बूच उघडं. मी धावत गेलो आणि ओरडलो, "अहो, भडका उडेल. अख्खी बिल्डिंग पेटवाल."

तू वर बघितलंही नाहीस. म्हणालास, "बत्तीस वर्सं करतंय. अजून मिशी बी नाय जळली." मग डबा उचललास, चुलीपासून चांगली वीस पावलं लांब नेलास, थोडा निवू दिलास आणि तेव्हा कुठे टर्पेंटाइन ओतलंस. वर चमचाभर खोबरेल. काडीने ढवळत मला विचारलंस, "तू कोन? डागदर?" तुमच्या बोलीत सगळ्यांना अरे-तुरे, मला ते पहिल्यांदा खटकलेलं. मी म्हटलं, लॅबमध्ये होतो, पांढरा कोट घालायचो. झालं, तेव्हापासून मी 'डागदर'. तुझी पद्धत बरोबर होती, पास्कल. आधी आचेवरून उतरवायचं, मग टर्पेंटाइन. मी ते तेव्हा कबूल केलं नाही. सहा वर्षं केलं नाही. आज करतो.

ती टोकं कुठली हे मला नंतर कळलं. नोव्हेंबरात तुमच्यात मृतांचा दिवस असतो, सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. दुसऱ्या दिवशी तू दफनभूमी झाडायला जायचास आणि जळून उरलेली टोकं पिशवीत भरून आणायचास. फादरना विचारून, चोरून नाही. वर्षभराचं गाडीचं पॉलिश त्यातून व्हायचं. "आयबापाची हाय, काकाची हाय, शेजाऱ्यापाजाऱ्यांची हाय," तू म्हणायचास. "इतकी मानसं राखन करतंन, गाडीला काय होनार?" आणि खरं सांगायचं तर तुझ्या जुन्या गाडीचा पत्रा असा चकाकायचा की मी माझं दुकानातलं पॉलिश लपवून ठेवायचो.

मग सहा वर्षं आपला रविवार ठरलेला. शेजारी शेजारी दोन गाड्या, दोन बादल्या आणि भांडण. तू एकाच फडक्याने गाडी, आरसा, चाक आणि शेवटी स्वतःचे हात पुसायचास. मी चार फडकी आणायचो, प्रत्येकाचं काम वेगळं. तू मला उंटावरचा शहाणा म्हणायचास, मी तुला अडाणी म्हणायचो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी पार्किंगवरून आवाज चढवला की तू फक्त एवढंच म्हणायचास, "हितं आमचा बैल बांधायचा." तुझ्या बापाच्या भातशेतावर ही बिल्डिंग उभी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे विषय तिथेच संपायचा.

आणि सुनंदाचं ऑपरेशन झालं तेव्हा अकरा दिवस तू मला ठाण्याला हॉस्पिटलमध्ये नेलंस आणि आणलंस. त्या अकरा दिवसांत रस्ताभर मला नुसत्या शिव्या घातल्यास. माझी गाडी भिकार, माझी फडकी भिकार, डोंबिवलीचं पाणी भिकार. मी रडायला लागलो असतो तर तुला गाडी चालवता आली नसती, हे मला आता कळतंय. त्याबद्दल मी आभार मानले नाहीत. आपल्यात ती पद्धतच नव्हती.

आता त्या रविवारावर येतो. टाळून उपयोग नाही.

नवी गाडी आली तिथूनच घोळ सुरू झालेला. जुनीला सगळीकडे पत्रा. या नवीला खाली दोन्ही बाजूंनी काळ्या प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या, चाकांवर काळ्या कमानी, बंपरही अर्धे काळे. मी तुला पहिल्याच दिवशी बजावलेलं: ते प्लास्टिक गुळगुळीत नसतं, खरखरीत असतं, त्यात मेण जाऊन बसलं की पांढरं होतं आणि मग निघता निघत नाही. दोन वर्षं तू माझं ऐकलंस. ऐकत नाही असं दाखवून ऐकलंस. पण लिझाचं लग्न महिन्यावर आलं आणि तुझा धीर सुटला. एकुलती एक पोरगी, बापाच्या गाडीतून चर्चला जाणार, तर गाडी वरपासून खालपर्यंत झळकली पाहिजे. मी त्या दिवशी उशिरा खाली उतरलो. तोवर तू मेणाचं फडकं सगळीकडे फिरवून मोकळा झालेलास. पट्ट्यांवर, कमानींवर, बंपरवर. आणि जानेवारीच्या उन्हात ते वाळून पांढरंफटक पडलेलं, पापडावर पीठ राहावं तसं.

तू घाबरलेला होतास. तुझा चेहरा मला दिसला होता. मी तेव्हा एवढं म्हणायचं होतं की बस, काढू आपण. पण माझ्या जिभेला हाड कुठाय. मी म्हणालो, "मेणबत्त्या कबरीवरच ठेवायच्या असतात, पास्कल. गाडीवर फासायच्या नसतात. एवढी अक्कल नाही तुला?" मोठ्याने म्हणालो. वर पहिल्या मजल्यावर तुमच्या बाल्कनीत मार्था वहिनी कपडे वाळत घालत होत्या. तू बादली उचललीस आणि वर गेलास. सहा वर्षांत पहिल्यांदा तू उलट काही बोलला नाहीस.

बुधवारी सकाळी तू गेलास.

दफनभूमीत मी अगदी मागे, फाटकापाशी उभा होतो. कोणीतरी रांगेने मेणबत्त्या वाटत होतं, एक माझ्या हातात आली. मी ती पेटवू शकलो नाही रे. खिशात घातली आणि तसाच घरी आलो. तुमच्या घरी भेटायलाही गेलो नाही. लिफ्टमध्ये शिरलो की पहिल्या मजल्यावर दार उघडू नये म्हणून देवाची प्रार्थना करायचो. सुनंदा दोनदा जाऊन आली. मी विचारलं, वहिनी माझ्याबद्दल काही बोलल्या का? म्हणाली, "नाही. तुमचं नावच नाही काढलं." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला रोज एकच वाटायचं, की या घराचं दार आता मला बंद झालं, आणि ते मी माझ्या तोंडाने बंद करून घेतलं.

दहाव्या दिवशी बेल वाजली. दारात लिझा. ती म्हणाली, "काका, डॅडीची गाडी बघितलीत का? मी वॉशिंगवाल्याकडे नेलेली. तो म्हणतो हे निघणार नाही, वरून काळा स्प्रे मारून देतो. मारू का?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. आवाज चढलाच. "स्प्रे मारलास तर दोन महिन्यांत पोपडे निघतील."

"मग तुम्ही काढाल? मला त्याच गाडीतून जायचंय. मम्मा म्हणते भाड्याची बघू. मला नकोय भाड्याची."

तुमच्याकडे लग्न पुढे ढकलायचं चाललेलं हे मला माहीत होतं. मार्था वहिनीच म्हणाल्या म्हणे, तारीख त्यानं धरलेली, त्याच तारखेला होईल, फक्त बँड नको. मी लिझाला आत बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. मी काय म्हणालो, कसं म्हणालो, आणि त्यानंतर तुझ्याशी एक शब्दही झाला नाही. ती मग म्हणाली, "माहितीये, काका. सगळ्या विंगने ऐकलेलं."

मी विचारलं, "तो काही म्हणाला का?"

"दुपारी जेवले नाहीत. जाम रागावलेले. संध्याकाळी मम्माला म्हणाले, डागदर खरं बोलला पण वाईट बोलला. पुढच्या रविवारी त्यालाच बसवतो घासायला. मी खुर्ची टाकून बघत बसनार."

पास्कल, तू मला माफ केलं नव्हतंस, हे ऐकून मला किती हलकं वाटलं ते तुला कळणार नाही. माफ केलं असतंस तर मी काय केलं असतं? तू मला काम लावून गेलास. काम मला जमतं.

मी लॅबच्या शिस्तीने सुरुवात केली. तुझ्या डब्यात उरलेलं मेण लिझाकडून मागून घेतलं आणि माझ्या स्वतःच्या गाडीच्या मागच्या बंपरवर मुद्दाम फासलं. उन्हात वाळू दिलं. वॉचमन बघत होता, त्याला वाटलं म्हातारा फिरला. मग तिथे एकेक प्रयोग. नुसतं पाणी आणि भांड्यांचा साबण लावला तर ओलं असताना प्लास्टिक काळंभोर दिसायचं, मी खूश व्हायचो, आणि पाच मिनिटांत वाळलं की पांढरं परत हजर. खोबरेल लावलं तर तसंच, दोन दिवस झाकलं जायचं. वॉचमनने रॉकेल सुचवलं, त्याने प्लास्टिक राखाडी पडलं. शेवटी सुनंदाचा केस वाळवायचा ड्रायर आणला. गरम वारा लांबून मारायचा, मेण मऊ होऊन खाचेतून वर येतं, ते सुती फडक्याने घासायचं नाही, टिपायचं. मग जुना टूथब्रश, कोमट पाणी, साबण. पुसून वाळेपर्यंत थांबायचं आणि तेव्हाच बघायचं. हे जमलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तुझं मेण तू गेल्यावरही जायला तयार नव्हतं.

पण ड्रायरला प्लग हवा. पार्किंगमधला प्लग सोसायटीने कुलपात ठेवलाय. माझं घर नवव्या मजल्यावर. पार्किंगच्या बरोबर वर बाल्कनी तुमची. मी पायऱ्या चढून गेलो आणि बेल दाबली. मार्था वहिनींनी दार उघडलं. काळ्या साडीत त्या एवढ्याशा दिसत होत्या.

"काय पायजे?"

"प्लग," मी म्हणालो. पाठ करून गेलेलो दुसरंच काहीतरी.

त्या मग आत गेल्या, लांब वायरचा बोर्ड आणला, बाल्कनीतून खाली सोडला आणि दार लावून घेतलं. पहिला दिवस असा गेला. मी तुझ्या गाडीचा मागचा अर्धा बंपर केला.

दुसऱ्या दिवशी मी गुडघ्यावर बसून कमान टिपत होतो तर मागे चपलांचा आवाज आला. वहिनी. एका हातात तुझ्या जुन्या बनियनांचं गाठोडं, दुसऱ्या हातात बाल्कनीतली खुर्ची. गाठोडं माझ्यापुढे टाकलं. "ह्या घे. नव्या फडक्यानं नाय टिपायचं." मग खुर्ची गाडीपासून चार हातांवर मांडली आणि बसल्या. म्हणाल्या, "तो बसनार होता. मी बसतंय."

मी काम करत राहिलो. मान वर करायची हिंमत नव्हती. अर्धी कमान झाल्यावर त्या म्हणाल्या, "ते बोललास ते बरं नाय केलंस."

"नाही केलं," मी म्हणालो. डोळे भरून आलेले आणि हातात गरम ड्रायर.

"हं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने बोट दाखवून म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात ऱ्हायलंय बघ."

त्यानंतर रोज येऊन बसायच्या. तुझ्यापेक्षा कडक नजर आहे, सांगून ठेवतो. तू निदान चहाला तरी उठू द्यायचास. लग्नाची बोलणी, फादर काय म्हणाले, लिझाची सासू डोंबिवलीची आणि फार टापटिपीची, हे सगळं मला त्या खुर्चीतून कळत गेलं. एकदा म्हणाल्या, "त्याला सांगितलेलं मी, पोरीच्या लग्नात एवढा जीव टाकू नको. मेन लावत बसलेला पहाटेपासून." आणि मग पदराने तोंड पुसलं. मी पुढची पट्टी धरली. सहा दिवस लागले.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बिल्डिंगमागच्या जुन्या विहिरीवर उंबराचं पाणी, म्हणजे नवरीला अंघोळ घालायचं पाणी, आणायला गेल्या. दरवर्षी कोणा ना कोणाच्या लग्नात तिथे बँड वाजताना ऐकलाय. या वेळी वाजंत्री नाही, नुसती गाणी. पहिलं गाणं म्हणताना सगळ्यांचे आवाज फाटत होते, तिसऱ्यापर्यंत बरे लागले. वहिनींनी स्वतः कळशी घेतली. सुनंदाही त्यांच्यात होती, शब्द येत नसताना म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात गाडी लागली, तुझा पुतण्या चालवत होता. सगळे नवरीकडे बघत होते. लिझा फार सुंदर दिसत होती, असं सुनंदा सांगते. मी बघत होतो डाव्या बाजूच्या मागच्या कमानीकडे, तिथे मला शंका होती. काळी होती. वाळलेली आणि काळी. मग वर बघितलं तेव्हा वहिनी तिचा हात धरून आत चालल्या होत्या, ताठ मानेने. मी तुला हाक मारणार होतो. खरंच, तोंड उघडलेलं मी.

गाडी आता लिझाकडे डोंबिवलीला असते. काल तिचा फोन आला. "काका, पट्ट्यांवर परत पांढरं यायला लागलंय. इथे गाडी दिवसभर उन्हात असते." मला अपेक्षितच होतं. आत खोल बसलेलं मेण उन्हाने वर येतं. ती म्हणाली, "रविवारी या ना. मम्मालाही घेऊन या. ती एकटी यायची नाही." मी मुद्दाम ठेवलेलं नाही रे ते. तुझी शपथ.

तर आज रविवार आहे. वहिनी तयार होऊन खाली थांबल्यात, बोलवायला हॉर्न मी वाजवायचा की त्या वाजवणार यावरून एकदा भांडण होऊन गेलंय. माझ्याकडे एक बाटली आहे. परवा लॅबमधला जुना सहकारी देऊन गेला, खास याच कामाचं द्रावण. मी माझ्या बंपरवर लावून पाहिलं. एकदा पुसलं की सगळं साफ, प्लास्टिकला धक्का नाही, पांढरं पुन्हा वर यायचं नाव नाही. अर्ध्या तासात लिझाची अख्खी गाडी होईल.

ती बाटली मी कपाटात ठेवली आणि टूथब्रश घेतला. ब्रशने एका रविवारी गाडीची एकच बाजू होते, पास्कल.